पायांची तयारी

गेल्या दसऱ्याच्या आठवड्यात मी माझे पाय घासले. नुसते धुतले नाहीत, घासले. बायकोच्या कपाटातला टाचा घासायचा दगड पळवला, बाथटबच्या काठावर बैठक मारली आणि ज्या टाचांकडे मी पंचावन्न वर्षांत ढुंकूनही पाहिलं नव्हतं, त्या तान्ह्या बाळाच्या गालांसारख्या करून टाकल्या. निदान मला तसं वाटलं. मग नखं कापली, मग बायकोचंच लॅव्हेंडरच्या वासाचं क्रीम चोपडलं आणि पाय समोर धरून, मान तिरकी करून, त्यांच्याकडे कौतुकानं पाहत बसलो. तेवढ्यात ती दारात आली. तिनं आधी पायांकडे पाहिलं, मग क्रीमच्या डबीकडे.

"बघायला येणारेत का तुला कोणी?" तिनं विचारलं.

मी तिला गंभीरपणे सांगितलं की येत्या शनिवारी या पायांवर एक मस्तक टेकणार आहे आणि त्या मस्तकाला माझ्या भेगा टोचू नयेत एवढीच माझी इच्छा आहे. ती म्हणाली, डबी जागेवर ठेव आणि टब विसळून ठेव.

ते मस्तक कोणाचं, हे सांगायचं तर शेजारच्या फाटकापासून सुरुवात करायला हवी.

आम्ही अमेरिकेत अर्विंगला राहतो. आमच्या रांगेतली घरं भिंतीला भिंत लावून उभी आहेत आणि मागच्या छोट्या अंगणांमध्ये लाकडी कुंपणं आहेत. आमच्या आणि शेजारच्या अंगणामधल्या कुंपणाला एक फाटक आहे. आधीच्या मालकांनी ते कशासाठी केलं होतं देव जाणे; आम्ही ते कढीलिंबासाठी वापरतो. झाड आमचं, स्वयंपाक दोन्हीकडचा. पलीकडे एक नेपाळी कुटुंब राहतं. नवरा एका मोठ्या गोदामाचे कॉम्प्युटर सांभाळतो, बायको हॉस्पिटलच्या लॅबमध्ये काम करते, नवऱ्याची आई दोन वर्षांपूर्वी चितवनहून कायमची राहायला आली आहे. तिला तिकडचे सगळे आमा म्हणतात, म्हणून आम्हीही आमाच म्हणतो. आणि त्यांची एक मुलगी आहे, दुसरीत जाणारी, जिचं डोकं एखाद्या वकिलासारखं चालतं. ती बोलते इंग्रजीत, भांडते नेपाळीत.

नवरा-बायकोशी मी हिंदीत बोलतो. आमाशी मात्र मी नेपाळी बोलतो असं मी सगळ्यांना सांगतो. लिपी आपलीच, निम्मे शब्द आपलेच, उरलेले हातवाऱ्यांनी भरून काढता येतात. आमा माझं नेपाळी शांतपणे ऐकून घेते आणि मग सुनेला विचारते की हा काय म्हणाला.

आता माझं एक जुनं दुखणं. आमच्या मराठी मंडळाच्या नाटकांत मी नायकाची कामं करतो. म्हणजे, मागतो. केस काळे करतो, पोट आत घेतो आणि वाचनाच्या दिवशी पहिल्या रांगेत बसतो. दोन वर्षांपूर्वी मला नायिकेच्या वडिलांचं काम मिळालं. गेल्या वर्षी आजोबांचं. नागपूरहून शिकायला आलेली, अजून मिसरूडही नीट न फुटलेली मुलं मला विंगेत "काका, जरा बाजूला व्हा ना" म्हणतात. काका व्हायला काहीच लागत नाही, नुसतं वय लागतं. मामा व्हायला मात्र बहीण लागते, आणि मला बहीण नाही. त्यामुळे उभ्या जन्मात मला कोणी मामा म्हटलं नव्हतं. मामा म्हणजे कसा रुबाबदार माणूस. मामाकडे जायची वर्षभर वाट पाहतात. काकाकडे जायची कोणी वाट पाहत नाही.

ही उणीव शेजारणीनं भरून काढली. दोन दिवाळ्यांपूर्वी, म्हणजे त्यांच्या तिहारात, भाऊबीजेच्या सकाळी मी अंगणात झाडांना पाणी घालत होतो. तिचा सख्खा भाऊ सिडनीला. त्याला तिनं फोनच्या पडद्यावरच टीका लावला होता आणि पडद्याला लागलेला रंग पुसत ती अंगणात आली होती. मला पाहून थबकली आणि म्हणाली, दाइ, म्हणजे दादा, तुम्हाला बहीण नाही ना, मग या इकडे. तिनं माझ्या कपाळावर एकाखाली एक सात रंगांचे ठिपके काढले, गळ्यात जांभळ्या मखमली फुलांची माळ घातली, उंबऱ्यावर अक्रोड फोडला. मी गहिवरलो, आणि मी गहिवरलो की चारचौघांना दिसावं असाच गहिवरतो. ते सात रंग मी दुसऱ्या दिवशीच्या ऑफिसच्या व्हिडिओ मीटिंगमध्येही पुसले नव्हते.

हे सगळं मुलीनं लक्षात ठेवलं होतं. पण ते नंतर कामाला आलं.

गेल्या वर्षी घटस्थापनेच्या सकाळी दोन्ही घरांत एकाच दुकानातली माती आली. आमच्याकडे बायकोनं दिवाणखान्याच्या कोपऱ्यात घट बसवला, भोवती गहू आणि चार धान्यं पेरली. तिकडे आमानं जव पेरले, पण कुठे, तर कपड्यांच्या कपाटात, लोंबणाऱ्या कोटांच्या खाली. त्यांना त्या रोपांचा, त्यांच्या जमऱ्याचा, रंग पिवळाधमक हवा असतो. ऊन लागलं की तो हिरवा होतो आणि मग शोभा गेली. आमचं धान किती वर आलं आणि त्यांचा जमरा किती, हे पाहायला मी रोज फाटकातून जायचो आणि कपाटाचं दार किलकिलं करायचो. आमा मला हाकलायची. उजेड आत जातो म्हणून.

बाकी मात्र दोन्ही घरांच्या नवरात्रात जमीन-अस्मानाचा फरक. आमच्याकडे नऊ दिवस कांदा-लसूण बंद, बायकोचे उपास, साबुदाणा. त्यांच्याकडे अष्टमीला बोकडाचं मटण शिजतं आणि त्याचा वास कुंपणाला जुमानत नाही. बायको खिडक्या लावून घेते. मी त्या दिवशी झाडांना फार वेळ पाणी घालतो.

दशमीला त्यांच्या घरात आमा सगळ्यांना टीका लावते. टीका म्हणजे आपल्यासारखं कुंकवाचं बोट नव्हे. तांदूळ, दही आणि लाल अबीर कालवून कपाळभर थापायचा, कानामागे पिवळा जमरा खोवायचा, आशीर्वाद द्यायचा, पाकीट हातावर ठेवायचं. त्यानंतर आपल्या कोजागिरीपर्यंत नातेवाइकांच्या घरी जाऊन टीका घेत फिरायचं. आणि मुलांच्या दृष्टीनं या सगळ्यात मोठी गोष्ट एकच: मामाघर. मामाकडे जायचं, मामाच्या हातून टीका घ्यायचा, मटण खायचं, झोपाळ्यावर बसायचं. दशैंत, म्हणजे त्यांच्या दसऱ्यात, एकदा तरी पाय जमिनीवरून सुटायला हवेत असं ते मानतात.

शेजारच्या मुलीला अमेरिकेत मामा नव्हता. ती रविवारी एका हॉलमध्ये नेपाळीच्या वर्गाला जाते. तिथे दशैं झाला की बाई प्रत्येकाला उभं करून मामाघरी काय काय झालं ते सांगायला लावतात. कोणाचं मामाघर ऑस्टिनला, कोणाचं ह्यूस्टनला, एकाचं तर कोलोरॅडोला, विमानानं जावं लागतं असं. आदल्या वर्षी तिची पाळी आली तेव्हा तिनं सांगितलं की माझं मामाघर फोनमध्ये आहे. वर्ग हसला होता. घरी येऊन तिनं आईला बजावलं होतं की पुढच्या वर्षी मला खरं पाहिजे.

म्हणून सिडनीचा मामा येणार होता. तिकीट काढलं होतं. तो विमानतळाजवळच्या हॉटेलात खोली घेणार आणि ती खोली म्हणजे मामाघर, असं मायलेकींनी ठरवूनही टाकलं होतं. आणि सप्तमीला फोन आला की त्याची सुट्टी कॅन्सल झाली.

मुलगी रडली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी फाटक उघडून सरळ माझ्यासमोर येऊन उभी राहिली. मी पाण्याची नळी घेऊन मटणाचा वास घेत होतो. तोवर ती मला अंकल म्हणायची. तिनं मला काही प्रश्न विचारले. तिहारात तिच्या आईनं मला टीका लावला होता की नाही? लावला होता. मी तो लावून घेतला होता की नाही? घेतला होता. मग मी तिच्या आईचा भाऊ झालो की नाही? मी म्हणालो, तसं म्हणायला हरकत नाही. मग ती म्हणाली की याचा अर्थ तू माझा मामा आहेस आणि हे माझं मामाघर आहे, आणि तुझ्याकडे झोपाळापण आहे.

झोपाळा होता. हौसेनं आणलेला, कड्या-बिड्यांचा. त्यावर गेली काही वर्षं रिकाम्या कुंड्या बसलेल्या होत्या.

माझी छाती इतकी फुगली की नळी हातातून सुटली. मी घरात जाऊन बायकोला जाहीर केलं की मी मामा झालो आहे. तिला एवढंच सुचलं की तुला मामा बनवणं इतकं सोपं असेल असं मला वाटलं नव्हतं. हा विनोद मराठीत कोणी ना कोणी करणारच होतं, घरातच उरकला हे बरं झालं.

पण आमानं अट घातली. ती अट सुनेनं मला हिंदीत समजावली, जरा ओशाळतच. आमाचं म्हणणं असं, की मामानं मामाचं सगळं रीतसर केलं, तर ते मामाघर. नाहीतर शेजारी जेवायला गेलो होतो असं म्हणायचं. मुलीनं ते मान्य केलं होतं. खोटं सांगणार नाही, ती म्हणाली होती. आमा हो म्हणाली तरच वर्गात सांगेन.

अशी कसोटी समोर आल्यावर माझ्यातला नट जागा झाला. मी शेजाऱ्याला दोन संध्याकाळी बसवून सगळं विचारून घेतलं. तांदूळ किती, दही किती. टीका कुठल्या हातानं, जमरा कुठल्या कानामागे. पाकीट आधी की आशीर्वाद आधी. पुरुषांचा मंत्र वेगळा आणि बायकांचा वेगळा, हे कळल्यावर मी बायकांचा पाठ केला आणि धोका नको म्हणून एका चिठ्ठीवर लिहून त्यानं दिलेल्या नेपाळी ढाका टोपीच्या आत चिकटवून ठेवला. मंत्रानंतर म्हणायला माझं स्वतःचं छोटं भाषणही तयार केलं, त्यात हिमालय आणि सह्याद्री दोन्ही येत होते. बाथरूमच्या आरशासमोर उजवा हात वर करून आशीर्वादाची तालीम केली. हात फार वर गेला तर रहदारीचा पोलीस दिसतो, फार खाली राहिला तर पाऊस पडतोय का ते पाहतोय असं वाटतं. खांद्याच्या जरा खाली, बोटं किंचित सैल, हे जमलं.

मटणाचा प्रश्न बायकोनं सोडवला. तिच्या स्वयंपाकघरात मटण शिजलेलं नाही आणि शिजणार नाही, पण घट उठल्यावर अंगणात कोणी काय शिजवावं याच्याशी तिला काही देणंघेणं नाही. ती स्वतः श्रीखंड-पुरी करणार होती. शेजाऱ्यानं त्याची गॅसची शेगडी आणि भलंमोठं पातेलं शनिवारी सकाळीच फाटकातून आमच्या अंगणात आणून लावलं. मी झोपाळ्यावरच्या कुंड्या उतरवल्या, कड्यांना तेल दिलं. आणि पाय घासले.

नमस्काराबद्दल मी शेजाऱ्याला काही विचारलं नव्हतं. त्यात विचारायचं काय? लहानांनी वाकायचं, मोठ्यांनी पाय पुढे करायचे. जन्मभर मी वाकत आलो. आजोबा, काका, आत्या, हेडमास्तर, बायकोकडचे ओळीनं बसलेले सगळे. कधीतरी आपण त्या ओळीत पलीकडे बसू, याची मी वाट पाहत होतो; आणि पलीकडे बसायचं वय झालं तोवर मी अमेरिकेत येऊन पडलो होतो, जिथे मुलं दुरूनच हाय करतात. माझा स्वतःचा मुलगा कॉलेजमधून येतो तेव्हा माझ्या पाठीवर थाप मारतो.

शनिवारी पाहुणे आले ते फाटकातून नव्हे. मुलीचं म्हणणं पडलं की मामाघरी चालत जात नाहीत, प्रवास करून जातात. म्हणून मटण शिजायला ठेवून, माझ्यावर ते ढवळायचं काम सोपवून, ते सगळे नवे कपडे घालून गाडीत बसले. सोबत तिची चाकांची बॅगही घेतली. हायवेला लागून पार विमानतळाला वळसा घालून आले आणि आमच्या पुढच्या दाराची बेल वाजवली. दरम्यान मी कुरता-जाकीट आणि टोपी घालून पातेल्यात डाव फिरवत होतो. दार उघडेपर्यंत मला मटणाचा वास येत होता आणि पायांना लॅव्हेंडरचा.

दिवाणखान्यात मी खुर्चीवर बसलो. आमा समोरच्या सोफ्यावर, हात मांडीवर घेऊन, परीक्षकासारखी. नवरा-बायको तिच्या बाजूला. माझी बायको स्वयंपाकघराच्या दारात, पिठाच्या हातांनी. आज तिचं मामाघर म्हणून मुलगी पहिली. तिनं लाल फ्रॉक घातला होता आणि येऊन माझ्यासमोर उभी राहताना बूट-मोजे काढून नीट बाजूला ठेवले. मला ते फार आवडलं. किती संस्कार, असं मनात म्हणालो.

मी टीका लावला. जरा सढळ हातानं लावला. थोडं दही तिच्या नाकावरून ओघळलं आणि तिनं ते जिभेनं टिपलं. जमरा कानामागे खोवला. मंत्र म्हटला, चिठ्ठीची गरज पडली नाही. पाकीट दिलं. हिमालय आणि सह्याद्री झाले. आमानं मान हलवली, पसंतीची. आता शेवटचा प्रवेश. मी खुर्चीत जरा मागे रेललो, दोन्ही पाय कुरत्याखालून अलगद पुढे सरकवले, उजवा हात तालमीप्रमाणे खांद्याच्या जरा खाली धरला आणि डोळे मिटले.

काही झालं नाही.

मी थोडं थांबलो. मुलं लाजतात. हात तसाच धरून मी एक डोळा उघडला. मुलगी ताठ उभी होती, पाय जुळवलेले, हात बाजूला. ती माझ्याकडे पाहत होती. मी तिच्याकडे पाहत होतो. तिनं एक पाऊल किंचित पुढे सरकवलं. मी माझी दोन्ही पावलं आणखी पुढे सरकवली. आता आमची पावलं समोरासमोर आली होती, आणि दोघंही एकमेकांची वाट पाहत होतो.

मी मायेनं म्हणालो, लाजू नकोस, वाक.

"मामा," ती हळूच म्हणाली, "इट्स युअर टर्न."

शेजारी गालिच्यावरची नक्षी पाहू लागला. शेजारीण लाल झाली आणि घाईघाईनं म्हणाली, राहू दे, दाइंना कसं माहीत असणार, त्यांच्यात नसतं. मग शेजाऱ्यानं नक्षीवरची नजर न काढता मला सांगितलं की आमच्यात भाची म्हणजे देवी. मामा तिच्या पाया पडतो. मला वाटलं हे तुम्हाला ठाऊकच असेल, तुमच्यातही असंच असेल, असं तो म्हणाला. मी विचारलं नाही कारण विचारण्यासारखं काही आहे असं मला वाटलं नाही. त्यानं सांगितलं नाही कारण सांगण्यासारखं काही आहे असं त्याला वाटलं नाही.

राहू दे, शेजारीण पुन्हा म्हणाली. आणि त्या दोन शब्दांनी मुलीची हनुवटी हलायला लागली. राहू दे म्हणजे काय, ते तिला बरोबर कळत होतं. राहू दे म्हणजे शेजारी जेवायला गेलो होतो. तिनं आमाकडे पाहिलं. आमा माझ्याकडे पाहत होती, आणि तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, उत्सुकता होती.

मला सांगायला आवडलं असतं की मी क्षणाचाही विलंब न लावता वाकलो. खरं म्हणजे माझा हात अजून आशीर्वादात अडकलेला होता. मी विचार करत होतो की माझा डावा गुडघा वाकत नाही, कुरता मांडीत तंग आहे, आणि इतकी तयारी केलेल्या पायांचं आता काय करायचं. तेव्हा दारातून आवाज आला, मराठीत, म्हणजे फक्त माझ्यासाठी.

"अष्टमीला मी कुमारिकांचे पाय धुते ना दरवर्षी? गेल्या अष्टमीलाही धुतले. हिचेच धुतले. तू तेव्हा बाहेर मटणाचा वास घेत होतास."

खरं होतं. आमच्यात असतं. आमच्या घरात असतं. दरवर्षी असतं. आई करायची, आता बायको करते. परातीत पाय, हळद-कुंकू, गजरा, खाऊ. फक्त ते बायका करतात आणि त्या वेळी पुरुष कुठेतरी पेपर वाचत असतात किंवा झाडांना पाणी घालत असतात.

मी खुर्चीतून उतरलो. उजवा गुडघा टेकला. डावा आवाज करत टेकला. इतका मोठा आवाज की मुलगी दचकली. कुरत्याची कुठलीतरी शिवण गेली. मी डोकं खाली नेलं, टोपी पुढे घरंगळली, त्यातली चिठ्ठी बाहेर आली, आणि माझं कपाळ तिच्या पावलांपर्यंत पोहोचलं.

तिथे मला तिची नखं दिसली. दहाही नखांना रंग लावलेला होता, एक लाल, एक सोनेरी असा. नुकताच, अजून चकाकत होता. अंगठ्यांच्या नखांवर बारीक पांढरी फुलं काढली होती. कोणीतरी तासभर मान मोडून ती काढलेली असणार. पावलं साबणानं घासून लालबुंद केलेली होती. आणि त्यांनाही कसल्यातरी क्रीमचा वास येत होता, स्ट्रॉबेरीचा.

म्हणजे आठवडाभर कुंपणाच्या दोन्ही बाजूंना पाय घासले जात होते.

मला हसू आलं, ते दाबत मी आणखी थोडा वेळ तसाच राहिलो. लोकांना ती माझी भक्ती वाटली. प्रत्यक्षात मला उठता येत नव्हतं. मुलीला काय वाटलं कोण जाणे, तिनं माझ्या रंगवलेल्या केसांवर हात ठेवला आणि दोनदा थोपटलं, कुत्र्याला थोपटतात तसं.

मी उठायला मदत मागणार इतक्यात आणखी दोन पावलं समोर आली. शेजारणीची. ती संकोचानं म्हणाली की दाइ, भाऊ बहिणीलाही ढोग देतो, म्हणजे नमस्कार करतो, पण तुम्ही मनावर घेऊ नका.

"खाली आहेच तर उरकून घे," बायको दारातून म्हणाली.

मी उरकून घेतलं. मग शेजाऱ्यानं एका काखेत हात घातला, आमानं दुसऱ्या, आणि दोघांनी मला उभं केलं. आमाच्या दंडात माझ्यापेक्षा जास्त ताकद आहे हे मला त्या दिवशी कळलं. मला धरून ठेवूनच तिनं एकदा खाली पाहिलं, माझ्या गुळगुळीत, क्रीम लावलेल्या पायांकडे. बराच वेळ पाहिलं. मग सुनेला काहीतरी विचारलं. सून हसू दाबत म्हणाली, आमा विचारतात, एवढे पाय कशाला घासले? मी म्हणालो, सवय आहे. स्वयंपाकघराच्या दारातून खोकल्यासारखा आवाज आला.

मुलगी या सगळ्याकडे लक्ष देत नव्हती. ती आमाकडे पाहत होती. कानामागचा जमरा तिनं हातानं धरून ठेवला होता, पडू नये म्हणून.

आमा माझी टोपी उचलून, झटकून, माझ्या डोक्यावर बसवत म्हणाली, "भयो." झालं, एवढाच अर्थ. मग ती मुलीकडे वळून अजून काहीतरी म्हणाली, लांबलचक, आणि त्यातला एकच शब्द मला कळला: मामाघर. मुलीनं जागच्या जागी उडी मारली. मला माझ्या नेपाळीचा तेव्हा जेवढा अभिमान वाटला तेवढा कधी वाटला नव्हता.

गुडघ्याला बर्फ बांधून मला अंगणात झोपाळ्यावर बसवण्यात आलं. मुलगी शेजारी बसली आणि तिनं पायानं झोका दिला. दोघांचे पाय जमिनीवरून सुटले. कड्या कुरकुरल्या, तेल देऊनही. तिच्या हातात ताट होतं आणि ताटात मटणाशेजारी श्रीखंड, आणि ती पुरीचा एक तुकडा यात आणि एक त्यात बुडवून खात होती. बायकोनं ते पाहिलं आणि ती डबा शोधायला आत गेली. आमाला उरलेलं श्रीखंड डब्यात भरून हवं होतं.

त्या रविवारी वर्गात तिनं उभं राहून सगळं सांगितलं. शेजारणीनं मला ते नंतर फाटकाशी सांगितलं, हसत हसत, डोळे पुसत. मामानं टीका लावला, मामाच्या घरी मटण आणि गोड दही होतं, झोपाळा होता, आणि माझा मामा माझ्या पाया पडायला खाली बसला तर त्याला उठताच येईना, मग सगळ्यांनी मिळून उठवला. वर्ग या वर्षीही हसला, पण हा वेगळा हसला. दोन मुलांनी तिला विचारलं की तुझा मामा आम्हाला मिळेल का. ती नाही म्हणाली.

बाईंनी तिला विचारलं, मामाघर किती लांब आहे? ती म्हणाली, गाडीनं अर्धा तास.

परवा संध्याकाळी ती कढीलिंब न्यायला आली. फाटकाची कडी वाजली तसा मी झोपाळ्यावरून, गुडघा सांभाळत, उठलो आणि विचारलं, रस्त्यात ट्रॅफिक होतं का?

"लिटल बिट," ती म्हणाली, आणि फांदी तिच्या हाताला लागेल इतकी मी खाली वाकवून धरली.